सुरी टोकाकडून पाहावी

भोसरी

चि. भाचीस,

तू पाठवलेले तिन्ही सुऱ्यांचे फोटो सावकाश पाहिले. गडावरच्या श्रमदानाला न्यायला मधल्या मापाची, न मिटणारी, टोकदार सुरी हवी आणि दोन हजारांच्या वर जायचं नाही, असं तू लिहिलंस. मागणी रास्त आहे. पण या फोटोंवरून मला टोकाविषयी काहीच सांगता येत नाही, कारण तिन्हींत पातं आडवं ठेवलेलं आहे. विकणाऱ्याला लांबी, चकाकी आणि नक्षी दाखवायची असते, म्हणून तो तसाच फोटो काढतो. माझी नोकरी सगळी टूलरूममध्ये झाली, आधी भोसरीत आणि मग चाकणला. तिथे पंच असो की कटर, हातात आला की आम्ही आधी त्याचा कोपरा आणि टोक बघायचो. बनवणाऱ्यानं कुठे घाई केली आणि कुठे पैसे वाचवले, ते तिथे दिसतं. सुरीचंही तसंच आहे. शेवटचा अर्धा इंच नीट पाहिलास तर बाकीचं पातं कसं असेल याचा बराचसा अंदाज येतो.

कारण साधं आहे. टोक हा पात्याचा सगळ्यात बारीक भाग, त्यामुळे उष्णता सगळ्यात आधी त्याला लागते. भट्टीत पाणी द्यायला पोलाद लाल केलं की जाड भाग तापेपर्यंत टोक जास्त तापून बसतं. पुढे ग्राइंडरवर धार काढताना तेच पुन्हा होतं. कोरड्या चाकावर पातं ओढत नेलं की मधल्या भागातली उष्णता आजूबाजूच्या धातूत पसरते, पण टोकाशी पोचल्यावर तिला पसरायला जागाच उरत नाही. डोळ्यांदेखत रंग चढतो, आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. साध्या कार्बन पोलादावर पिवळा साधारण २२० अंश सेल्सिअसला दिसतो, निळा ३०० च्या आसपास. स्टेनलेसवर हेच रंग याहून जास्त उष्णतेला येतात. टोक निळं पडलं की त्या जागेचं पाणी उतरलं, म्हणजे भट्टीत दिलेला कडकपणा गेला. चांगला कारागीर दर फेरीला पातं पाण्यात बुडवतो. दिवसाला शेकड्यांनी पाती काढणारा थांबत नाही, शेवटी बफवर निळा डाग पुसून टाकतो आणि सुरी डब्यात घालतो. डाग जातो, पण गेलेला कडकपणा परत येत नाही.

म्हणून तुझ्या यादीतली ती काळ्या रंगाची सुरी मी पहिल्यांदा बाद करतो. काळा लेप गंज थोपवतो हे खरं, पण स्वस्त सुरीत त्याच्याखाली चाकाचे ओरखडे, जळलेलं टोक, तिरकी घासलेली बाजू, सगळं झाकलं जातं. पहिली सुरी उघड्या पोलादाची घे, म्हणजे काय घेतोय ते दिसेल. पाठीवर करवतीचे दाते असलेली दुसरीही नको. त्या दात्यांनी लाकूड कापलं जात नाही आणि पाठीवर अंगठा टेकवून जोर द्यायची जागा मात्र जाते. पोकळ मुठीत होकायंत्र आणि काडेपेटी असलेल्या सुऱ्याही मिळतात. त्यांचं पातं मुठीत जेमतेम बोटभर शिरलेलं असतं, जोर लागला की तिथेच निखळतं. त्यांच्याकडे वळू नकोस.

आता टोकाच्या आकाराविषयी. तुझी कामं मी डोळ्यांसमोर आणली. सिमेंटच्या गोणीची शिवण उसवायची, ताडपत्रीला भोक पाडायचं, ओल्या नायलॉनच्या दोरीची आवळून बसलेली गाठ सैल करायची, तळव्यात शिरलेला काटा काढायचा आणि दुपारी कांदे-बटाटे चिरायचे. या सगळ्यांना टोक लागतं, पण सुईसारखं टोक कुठेच लागत नाही. काही पात्यांची पाठ टोकाजवळ आतल्या बाजूला खोल कोरलेली असते. दिसायला ती देखणी असतात, टोचतातही सहज, पण त्या कोरण्यामुळे टोकामागचं पोलाद निघून गेलेलं असतं. गाठीत घालून जरा पिळलं की टोक मोडतं. ज्या पात्याची पाठ मुठीपासून सरळ येऊन शेवटच्या दीड-दोन इंचांत हलकेच खाली उतरते, ते घे. त्याचं टोक पात्याच्या मधल्या रेषेच्या जवळ येतं, हाताच्या ताब्यात राहतं आणि त्याच्या मागे भरपूर धातू उरतो. संग्रहालयात जुन्या कट्यारी पाहायला मिळाल्या तर त्यांचं टोक निरखून बघ. बऱ्याच कट्यारींचं पातं टोकाशी मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, कारण त्यांना चिलखताच्या कड्या फोडायच्या होत्या. टोकाची ताकद त्याच्या मागच्या जाडीत असते, हे त्या लोहारांना पक्कं ठाऊक होतं.

ही जाडी मोजायला व्हर्नियर नको. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. टोकापासून अर्धा इंच मागे, पाठीकडून पाहिलं की जाडी दोन कार्डं एकावर एक ठेवल्याएवढी भरली पाहिजे. एका कार्डाएवढीच असली तर ती भाजी चिरायची सुरी, गाठीत घालायची नव्हे. तीन कार्डांहून जास्त असली तर ती ताडपत्रीत शिरणार नाही, नुसती ढकलत राहील. मग सुरी डोळ्यांसमोर धरून पाठीवरून टोकाकडे नजर टाक, बंदुकीचा नेम धरतात तशी. टोक पाठीच्या बरोबर मध्ये आहे की एका अंगाला झुकलंय? झुकलेलं असेल तर एक बाजू जास्त घासली गेली आहे. अशी सुरी दुकानदाराला तिथल्या तिथे परत दे.

लांबी चार ते पाच इंच पुरे, म्हणजे दहा ते बारा सेंटिमीटर. जाडी मुठीजवळ अडीच ते तीन मिलिमीटर. घाणेरीची झुडपं तोडायला तू सुरी काढणार असशील तर तो विचार सोड, त्याला कोयताच लागतो आणि तो तुमच्या गटाकडे असेलच. तुम्ही जाता ते लोहगड आणि विसापूर ही दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारकं आहेत. लोहगड तर २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. तिथे तटाच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप सुरीच्या टोकानं उकरायचं नाही. टोकही मोडेल आणि चुनाही निघेल. ते काम जाणत्या माणसाच्या सांगण्यावरून, त्याच्या रीतीनं होऊ दे.

पोलादाविषयी तू विचारलंस तिथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे आपल्या गावचं ज्ञान आहे. इथले लोक पोलादाला नंबरानं ओळखतात. बेअरिंगच्या कड्यांचं ते ईएन-३१, त्यात सुमारे एक टक्का कार्बन. ट्रकच्या कमानपाट्यांचं ते ईएन-४५, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या जरा वर आणि सोबत सिलिकॉन, त्यामुळे वाकून पुन्हा सरळ होणारं. साध्या डाय-पंचाला ओएचएनएस, म्हणजे तेलात कडक होणारं आणि फारसं आकसत-फुगत नसलेलं. आणि ज्या डायनं लाखांनी पत्रे कापायचे तिला डी-टू, कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम बारा. हल्ली स्वस्त सुऱ्यांवर डी-टू असं कोरलेलं दिसतं आणि तुझ्या तिसऱ्या फोटोतही ते आहे. पोरं त्या नावावर भुलतात. डी-टू धार दीर्घकाळ टिकवतं, यात वाद नाही. पण प्रेस शॉपमध्ये मी काय पाहिलं ते सांगतो. डी-टूचा पंच बिघडला तर त्याचा कोपरा उडायचा. तो झिजून गुळगुळीत होत नसे, त्याचा कणीएवढा तुकडा निघून यायचा. पंच सरळ खाली जात असेल तोवर ठीक, जरा तिरका झाला की गेला. सुरीचं टोक तर दिवसभर तिरकंच पडतं. शिवाय डी-टूला घरी दगडावर धार लावायची म्हणजे हात भरून येतात, आणि ते पुरतं गंजरोधकही नाही. शिकाऊ हाताला ते देऊ नये असं माझं मत आहे.

पात्याचा कडकपणा रॉकवेल सी मापावर ५६ ते ५८ असला की झालं. त्याहून कमी असेल तर टोक वाकतं, फार वर गेला तर मोडतं. विकणाऱ्यानं हा आकडा दिलेला नसेल तर घरी एक साधी परीक्षा आहे. बारीक कानस घे आणि मुठीजवळ, पाठीवर, जिथे डाग पडला तरी चालेल अशा जागी हलकेच फिरव. कानस लोण्यात शिरल्यासारखी चावली तर पातं मऊ आहे. काचेवरून घसरावी तशी घसरली तर फारच कडक आहे. नाखुशीनं, जरा कुरकुरत चावली तर तुझ्या कामाचं आहे. मग त्याच कानशीनं टोकाजवळ पाठीवर एकच हलका हात मार. दोन्हीकडे हाताला सारखंच लागलं पाहिजे. टोकाकडे जास्त चावली तर ते चाकावर जळलंय. ऑनलाइन घेतलीस तर कानशीचा डाग पडल्यावर माल परत घेत नाहीत. तेव्हा आधी नजरेच्या परीक्षा करून घे, खात्री पटली की मगच कानस काढ.

तुझ्यासाठी मला दोन वाटा दिसतात. पहिली, कारखान्यात बनलेली साधी स्टेनलेसची कामाची सुरी. स्वीडनमधल्या मोरा गावच्या कारखान्यात १८९१ पासून सुऱ्या बनतात. सुतार, कोळी, शेतकरी यांच्या रोजच्या कामाच्या त्या. त्यातल्या एका साध्या प्रकाराचं पातं सुमारे १०४ मिलिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, मूठ आणि म्यान प्लास्टिकचं. दिसायला काही नाही, पण पातं एकसारखं घासलेलं आणि टोक जिथल्या तिथे. तुझ्या बजेटमध्ये कधी बसते, कधी थोडी वर जाते, कारण माल बाहेरून येतो. ती परवडली नाही तर मटणवाले हाडावरून मांस सोडवायला जी पाच इंची टोकदार सुरी वापरतात ती बघ. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानांत चौकशी कर, स्वस्तात मिळेल. मात्र तिच्यातही पातळ लवचीक आणि जाड ताठ असे दोन प्रकार असतात, त्यातली ताठ घे. म्यान वेगळं करून घ्यावं लागेल.

दुसरी वाट घिसाड्याची. चाकणच्या शनिवारच्या बाजारासारख्या ठिकाणी खुरपी, विळे, कोयते घडवून विकणारी ही मंडळी पिढ्यान्पिढ्या कमानपाट्यांवर काम करत आली आहेत. त्यांच्या हाताला मी मानतो. पाटा लाल करून दोन-चार घावांत जे आकार काढतात ते पाहून माझ्यासारख्या मशीनवरच्या माणसालाही कौतुक वाटतं. पण त्यांचं पाणी देणं डोळ्याच्या अंदाजावर असतं आणि ते अवजाराच्या जाड धारेसाठी जमलेलं असतं. बारीक टोकाला तोच अंदाज पुरत नाही. त्यांच्याकडून करून घ्यायचीच असेल तर पाटा नवा किंवा कापताना उरलेला दे, ट्रकखाली लाखभर किलोमीटर पळून थकलेला नको. जुन्या पाट्यात डोळ्याला न दिसणारे तडे असू शकतात. सांग, आकार तुम्ही काढा, पाणी मी बाहेरून देते. मग भोसरीत हार्डनिंगचं जॉबवर्क करणाऱ्याच्या एखाद्या तेलातल्या लॉटमध्ये ते पातं घालता येईल, ते माझ्याकडे लागलं. आणि एक गोष्ट घिसाड्याला हमखास सांग: पातं संपून मुठीत शिरतं तिथला कोपरा काटकोनात कापायचा नाही, गोलाई ठेवायची. काटकोनी कोपऱ्यातूनच हार्डनिंगला तडा जातो. हे टूलरूममध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात. कोणी पॉवर हॅकसॉच्या पट्टीची सुरी करून देतो म्हणाला तर नको म्हण. आजकालच्या बऱ्याच पट्ट्यांना नुसते दातेच हायस्पीड पोलादाचे असतात, मागची पट्टी वेगळ्या पोलादाची. जुन्या अख्ख्या हायस्पीडच्या असतील तर टोक काचेसारखं फुटतं.

मला विचारशील तर पहिली वाट धर. सह्याद्रीत जुलैत कार्बन पोलाद एका रात्रीत तांबूस होतं, आणि तू दमून घरी आल्यावर सुरी पुसून तेल लावशील याचा मला भरवसा नाही, रागावू नकोस. ज्या दिवशी तो भरवसा येईल त्या दिवशी घिसाड्याकडे आपण दोघं जाऊ.

मुठीकडे लोक बघतच नाहीत, आणि टोकदार सुरीत अपघात होतो तो तिथेच. टोक कशात तरी जोरानं खुपसलं आणि ते अडलं, तर ओला हात पुढे सरकतो आणि बोटं थेट धारेवर जातात. त्या जखमेनं बोटांच्या कंडरा तुटतात आणि बोट पुन्हा नीट मिटत नाही. म्हणून मूठ आणि पातं यांच्या मध्ये बोटाला अडवणारा उंचवटा हवाच हवा. याची परीक्षा दुकानात नव्हे, घरी कर. सुरी म्यानात घालून घट्ट बसव, हाताला साबण लाव, म्यानाचं टोक जमिनीला टेकव आणि मूठ धरून वरून दाब दे. तळहात तसूभरही पुढे गेला तर ती सुरी तुझी नव्हे, कितीही आवडलेली असली तरी. मुठीवर मऊ रबर असलं तर पावसात बरं पडतं. रंग केशरी किंवा पिवळा मिळाला तर तो घे, गवतात पडली तर सापडते.

म्यान उलटं करून झटकलं तरी सुरी पडता कामा नये. चामड्याचं असेल तर धारेच्या बाजूच्या शिवणीत चामड्याची एक पट्टी घातलेली आहे का बघ. ती नसेल तर धार रोज थोडा थोडा दोरा कापते आणि एक दिवस टोक बाहेर येऊन मांडीत शिरतं. प्लास्टिकच्या म्यानाला तळाशी पाणी निथळायला भोक हवं. आणि सुरी कंबरेला किंवा छातीच्या पट्ट्याला लटकवून गड चढायचा नाही. पाय घसरून पडलीस तर ती तुझ्या अंगाखाली येते. बॅगेत, टोक खाली करून, दोरी आणि हातमोज्यांच्या सोबत ठेव.

बॅगेतच का, याचं दुसरंही कारण आहे. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत धरल्या आहेत, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वगळून. खंजीर त्या यादीत नावानिशी आहे. तुझी पाच इंची, एकाच बाजूला धार असलेली सुरी या मापाच्या आत बसते. दुधारी पातं घेऊ नकोस, तेही याचसाठी, आणि दुधारी पात्याच्या पाठीवर अंगठाही टेकवता येत नाही. पण एवढ्यानं भागत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस वेळोवेळी जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश काढतात, आणि त्या कलमात काठ्या-लाठ्यांबरोबर सुऱ्यांचं नाव स्पष्ट आहे. सणावाराला, निवडणुकीला आपल्याकडे असे आदेश निघतच असतात. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ मध्ये सुरू झालं, चाकण त्यातच येतं. तू गडावर जायला मळवलीला उतरलीस की पुणे ग्रामीणची हद्द लागते. दोन्हीकडचे आदेश वेगवेगळे असू शकतात, निघण्याआधी बातमीत बघत जा. मेट्रोच्या बॅगतपासणीत सुरी अडते, तेव्हा श्रमदानाच्या दिवशी लोकलनं जा, आणि तिथेही ती बॅगेच्या तळाशीच राहू दे.

गेली काही वर्षं आपल्या शहरात पोरं कोयते नाचवत गाड्या फोडतात, दहशत माजवतात. ऊसतोड कामगाराचं पोट ज्या अवजारावर चालतं त्याचं नाव ऐकून आता माणसं दारं लावून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. अशा शहरात रस्त्यावर कोणी तुझ्या हातात टोकदार सुरी पाहिली तर तो घाबरेल, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. सुरी कामाच्या जागी काढायची, काम झालं की म्यानात. कोणाला दाखवायला काढायची नाही, फोटोसाठी तर नाहीच. पोलिसांनी विचारलं तर गटाच्या श्रमदानाचा निरोप, गोण्या, दोरी दाखव आणि शांतपणे सांग.

धार लावायला रस्त्यावरच्या चाकवाल्याकडे देऊ नकोस. तो माणूस वाईट नाही, विळीला नि कात्रीला त्याची धार चालते, पण त्याचं कोरडं चाक तुझं टोक पहिल्याच फेरीत निळं करील. दोन बाजूंचा ऑइल स्टोन वापर, एक बाजू भरड, एक बारीक. पातं दगडाशी साधारण वीस अंशांवर धर. सरळ भागात हात जसाच्या तसा पुढे ने. पातं वळायला लागलं की मूठ हळूहळू वर उचलायची, नाहीतर टोकाजवळची धार दगडाला लागतच नाही. आणि टोक दगडाच्या कडेवरून खाली घसरू द्यायचं नाही, अलीकडेच थांबायचं. बहुतेकांच्या सुऱ्यांची टोकं याच घसरण्यानं गोल होतात आणि ते पोलादाला दोष देतात. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर उलट दिशेनं पाच-सहा वेळा ओढ. जेवणाच्या कामाला वापरणार आहेस, तेव्हा पुसून खोबरेलाचा हात फिरव, मशीनचं तेल नको.

दगड विकत आणू नकोस, माझ्याकडे टूलरूमच्या दिवसांतला चांगला आहे, तो तुला देतो. सुरी आली की बिल ठेव आणि एखाद्या रविवारी संध्याकाळी घेऊन ये. तुझ्या आईला सांग, मी लिहिलंय ते तिनंही वाचावं, म्हणजे तिची काळजी जरा कमी होईल.

तुझा,
मामा